उसनी झोप

दुपारची जेवणं उरकली की हिरण्यकेशीकाठच्या स्तन आरोग्य केंद्रात मोठ्यानं बोलायला बंदी होती. दारातल्या पहारेकऱ्यालासुद्धा शिंक आली तर तो बाहेर अंगणात जाऊन शिंकायचा. खिडक्यांच्या काचा आपोआप निळसर होत, नदीवरचा वारा झडपांतून हळूच आत येई आणि झोपघरातल्या खाटांवर गडहिंग्लजच्या, भडगावच्या, हलकर्णीच्या बाया एकेक करून पेंगायला लागत. सारिका चौगुले अनवाणी पायांनी त्यांच्यामधून फिरायची. कुणाची पापणी अजून फडफडतेय, कुणाचा हात पदराशी चाळा करतोय, ते बघायची. हे काम तिला मनापासून आवडायचं. इतक्या बायकांना एका वेळी स्वस्थ पडलेलं तिनं जन्मात कधी पाहिलं नव्हतं.

इथवर यायला मात्र फार यातायात झाली होती. बाईला कडू औषध पाजणं सोपं, सुई टोचणं त्याहून सोपं. पण दिवसाढवळ्या आडवं व्हायला लावणं म्हणजे आभाळाला ठिगळ लावणं. सुरुवातीला बाया यायच्या त्या मांडीवर शेंगांची परडी घेऊनच. "पडल्या पडल्या फोडतो की," म्हणायच्या. सुंदराबाई नावाच्या एक म्हाताऱ्या बाई तर खाटेवर पाठ टेकायलाच तयार नव्हत्या. सासू रागावेल म्हणाल्या. सासू जाऊन युग लोटलं होतं, हे सारिकानं लक्षात आणून दिल्यावर त्या म्हणाल्या, "गेली म्हणून काय झालं? वरनं दिसत न्हाई व्हय तिला?" आणि मग बसल्या बसल्याच अशा घोरायला लागल्या की शेजारच्या खाटेवरची बाई हसून हसून जागी राहिली.

झोपेचा एवढा खटाटोप कशासाठी, हे सारिका गावोगावी जाऊन सांगायची. तिचं सांगणं साधं असे. आपल्या शरीरातल्या प्रत्येक पेशीला स्वतःचं घड्याळ असतं. माणूस गाढ झोपला की छातीतल्या पेशीही झोपतात. त्यांची ऊब थोडी उतरते, त्यांच्यातून वाहणारी बारीकशी वीज मंदावते, आणि हे सगळं लाटेसारखं एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पसरत जातं. जी पेशी पुढे कधीतरी कर्करोगाच्या वाटेला लागणार असते, तिचं घड्याळ सगळ्यांत आधी बिघडतं. गाठ व्हायला अजून वर्षं असतात, हाताला काही लागत नाही, जुन्या यंत्रांना काही दिसत नाही. पण सगळ्या शेजारणी झोपलेल्या असताना ती पेशी जागी असते. केंद्रानं विणलेल्या चोळीत कापसाबरोबर केसाहून बारीक असे कार्बनचे धागे होते. ते ही ऊब आणि वीज टिपत आणि त्यांचं चित्र करून पाठवत. निरोगी छाती निळ्या तळ्यासारखी दिसे. कुठे जागं ठिकाण असेल तर तळ्यात दिवा सोडल्यासारखा पिवळा ठिपका दिसे.

ठिपका लवकर सापडला तर त्यावर उपाय होता. दंडात सुई देऊन औषधाचे सूक्ष्म थेंब रक्तात सोडायचे, बाई झोपली की बाहेरून ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी नेमक्या त्या ठिकाणी सोडायच्या, म्हणजे थेंब तिथंच फुटतात आणि पेशींचं घड्याळ पुन्हा चालू होतं. डॉक्टर त्याला एक लांबलचक नाव घेत. बाया म्हणत, निजवणी. अट एकच होती, झोप खरी हवी. गोळी घेऊन आणलेल्या झोपेत जागं काय आणि निजलेलं काय, सगळंच मंद होतं आणि दिवा दिसत नाही.

झोपघराच्या दारातच एका मोठ्या काचेवर एक चित्र लावलेलं होतं. काठापासून काठापर्यंत निळं, निवांत, एखाद्या पहाटेसारखं. खाली लिहिलेलं होतं, सारिका चौगुले, जागृतीसेविका. नवीन बाई आली की सारिका तिला आधी तिथं उभी करायची आणि म्हणायची, "ही बघा माझी झोप. मी झोपू शकते तर तुम्हाला काय धाड भरलीय?" बाया त्या चित्राकडे बघतच राहायच्या. काही जणी हात जोडायच्या.

ती झोप सारिकाची नव्हती.

*

सारिकाला दिवसा झोप येत नसे. लहानपणापासूनच येत नसे. केंद्र सुरू झालं तेव्हा नियम झाला, की सेविकेनं आधी स्वतःचं चित्र काढून घ्यायचं आणि मगच दुसरीला सांगायला जायचं. चोळी घरी नेऊन दुपारी घालून झोपलं तरी चालत होतं. सारिका रोज माडीवर जाऊन पडायची आणि छताची कौलं मोजायची. बाकीच्या सेविकांची चित्रं आली. हिची चोळी रोज एकच सांगायची, की बाई जागी आहे.

तिची थोरली जाऊ विजयमाला, घरातली आक्का, हे सगळं बघत होती. आक्काचं उलट होतं. अंथरुणाला पाठ लागायचा अवकाश, की आक्का गेलीच. एकदा मळणीच्या यंत्राशेजारी झोपली होती आणि यंत्र बंद पडलं तेव्हा दचकून उठली. दोघींचं माप एकच. सारिका लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून एकीचं झंपर दुसरीच्या अंगावर असायचंच, कार्याच्या घाईत तर कुणाचं कुठलं हेही कळायचं नाही. तेव्हा एका दुपारी आक्कानं वाळत घातलेली ती चोळी दोरीवरून सरळ काढून घेतली.

"आण हिकडं. मी घालतो. तुझ्या नावानं झोपतो."

"आक्का, तसं चालत न्हाई. ती चोळी माणसाला ओळखती."

"अजून तुला तरी कुटं ओळखलंय तिनं? तू झोपलीसच न्हाईस."

हे मात्र खरं होतं. चोळी जिच्या पहिल्या झोपेची लाट टिपते तिलाच पुढे ओळखते. दुसरीनं घातली तर गप्प बसते. आक्का त्या दुपारी झोपली आणि चोळीच्या लेखी आक्का हीच सारिका झाली.

खरं तर सारिकाला वाटायचं, की आक्कानं स्वतःच्या नावानं यावं. तिनं किती वेळा तोंड वाजवलं होतं. आक्का ऐकत नसे. आक्काची आई याच रोगानं गेली होती. "गाठीनं न्हाई मेली ती," आक्का म्हणायची, "कळलं त्या दिवशी मेली. तवर लोणची घालत हुती, मला शिव्या देत हुती. कळलं आन् भिंतीकडं तोंड केलंन. मला माझं काय बी कळायला नको बघ." त्या दिवशीही चोळीचे हूक लावता लावता तिनं सारिकाला बजावलं, "ह्यात काय दिसलं तर ते तुझं. मला न्हाई सांगायचं. कबूल?"

सारिका हसून कबूल म्हणाली होती. त्या घटकेला ते कबूल करायला तिला काहीच जड गेलं नाही. पुढे दर आठवड्याला एका दुपारी आक्का माडीवर जाऊन सारिकाच्या नावानं झोपायची, आणि खाली सारिका तिच्या वाटणीची भांडी घासायची.

*

डॉ. नीलाक्षी मुतालिकांनी तिला सकाळीच खोलीत बोलावून घेतलं. त्यांच्या टेबलावरच्या काचेत तेच निळं तळं होतं. डावीकडे, अगदी काठाशी, एक पिवळा ठिपका होता. तांदळाच्या कणीएवढा.

"सारिकाताई, तुम्ही इतक्या जणींना धीर दिलाय, तेव्हा तुम्हाला मी वेगळं काय सांगू," डॉक्टर म्हणाल्या. "फार लवकर सापडलंय. सोमवारी सुई देऊ, निजवणी सुरू करू. घाबरायचं कारण नाही."

सारिका घाबरली नाही. तिच्या मनात पहिल्यांदा आलं ते असं, की हे माझं नाही. तिला हायसं वाटलं. श्वास मोकळा झाला, खांदे खाली आले. आणि त्याच्या पाठोपाठ जी लाज आली ती इतकी जोरात आली, की तिला खुर्चीचा हात धरावा लागला. डॉक्टरांना वाटलं ती हबकली. त्यांनी तिला पाणी दिलं आणि ती ते मुकाट्यानं प्यायली.

बाहेर येऊन ती दारातल्या आपल्या चित्रासमोर उभी राहिली. खरं सांगावं तर आक्काला दिलेला शब्द मोडतो आणि आक्का भिंतीकडे तोंड करते. न सांगावं तर तो ठिपका वाढतो. शिवाय खरं सांगितलं तर हे चित्र खोटं ठरतं, आणि ज्या बायकांनी त्याच्याकडे बघून हात जोडले त्यांना उद्या काय सांगायचं? नदीकाठानं घरी जाताना विजेची रिक्षा आवाज न करता शेजारून गेली, ओळखीच्या कुणीतरी हाक मारली, तिला काहीच ऐकू आलं नाही. सगळं गाव तिला पाण्याखालून पाहिल्यासारखं दिसत होतं.

*

आक्का परसात शेंगदाणे भाजत होती. उन्हात धुराची निळी रेघ सरळ वर चालली होती. सारिका तिच्याजवळ जाऊन चुलीशी बसली. वाटेत तिनं शंभर वाक्यं जुळवली होती. त्यांतलं एकही आता आठवेना. शेवटी तिच्या तोंडून जे आलं ते असं.

"आक्का, चोळीत दिसलंय काहीतरी. माझ्यात."

आक्काचा उलथन्यावरचा हात थांबला. आक्कानं सारिकाकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. त्या चोळीत कोण झोपलं होतं हे तिच्याहून कुणाला जास्त ठाऊक असणार? दोघींनाही ठाऊक होतं. पण आक्कानं पुन्हा उलथनं हलवलं, करपायला आलेले दाणे ताटात उतरवले आणि म्हणाली, "तुझ्यात. बरं."

थोड्या वेळानं सारिका पाण्याला निघाली, तशी आक्कानं उठून तिच्या हातातली कळशी काढून घेतली. "आजपास्नं तू उचलायचं न्हाई काय."

मग जो आठवडा आला तो सारिकाला पुढे कायम स्वप्नासारखा आठवत राहिला. आक्कानं तिला आजारी म्हणून घरात मिरवलं. सकाळी दूध-हळद, दुपारी डिंकाचे लाडू. तिला चुलीपाशी येऊ देईना. घरातली माणसं काही विचारायला लागली तर आक्का डोळे वटारी. ऊन कलतं झालं की आक्का सारिकाला जोत्यावर बसवून तिच्या केसांना तेल लावायची आणि बोलत राहायची. तिच्या बोटांना आणि बोलण्याला एकच ठेका असायचा. उसाच्या फडावर औषध फवारणारी यंत्रं लांबून भुंग्यांसारखी गुणगुणत असायची आणि सारिकाला वाटायचं, हे ऐकत असंच बसून राहावं, सोमवार येऊच नये.

"आईचं मी तुला अर्धंच सांगितलं हुतं," आक्का एकदा म्हणाली. "डाक्टरनं सांगितलं तवा आमी सगळी तिथं हुतो. बाबा, मामा, मी. सांगून झालं आन् सगळी भाईर गेली. रडायला. मी बी गेलो. तिला एकटीला ठिवून. ती भिंतीकडं तोंड करंल न्हाई तर काय करंल? माणूसच न्हवतं ना खोलीत." सारिकाचे केस तिनं घट्ट धरले होते ते सैल सोडले. "तू भिऊ नगंस. भ्यालीस तरी जेव. मी हाय."

सारिकाला रडू फुटलं. आपल्या वाटची नसलेली ही माया आपण चोरून खातोय असं तिला वाटलं. आणि त्याच वेळी तिला हेही कळलं, की आक्का जे तिला सांगतेय ते स्वतःलाच ऐकवून बघतेय. ऊन पाण्यात पाय घालून बघावं, तसं.

पण सुई आक्काच्याच दंडात जायला हवी होती. हा खेळ कितीही गोड असला तरी त्यानं ठिपका विझणार नव्हता.

*

शनिवारी सारिकानं डॉक्टरांना सगळं सांगून टाकलं. चष्मा काढून त्यांनी डोळे चोळले.

"तुम्ही काय केलंत ते तुम्हाला समजतंय ना?" त्या म्हणाल्या. "त्या सुईनं तुम्हाला काही झालं नसतं. पण त्या तशाच राहिल्या असत्या, आणि आम्ही तुम्हाला बरं करत बसलो असतो."

"म्हणून तर आले मॅडम. तुम्ही त्यांना बोलावून सांगा."

"मला तो अधिकार नाही. त्यांनी केंद्रात कधी पाऊल टाकलेलं नाही. ज्याला जाणून घ्यायचं नाही त्याच्या कानात ओतायचं नाही, असं आपणच ठरवलंय. त्या आल्या, त्यांनी विचारलं, तर सांगेन." त्यांनी काचेतल्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "आणि हे फार वाट बघणार नाही. यानं आजूबाजूच्यांना जागवलं की निजवणीचा उपयोग संपला. मग पूर्वीचाच मार्ग. शस्त्रक्रिया, केस जाणं, सगळं."

सारिका दारातल्या चित्राकडे गेली. बाया यायला लागल्या होत्या. तिनं काचेवरून ते उतरवलं आणि छातीशी धरून त्यांना सांगितलं, की ही माझी झोप नाही. मला दिवसा झोप येत नाही, मी दुसऱ्या माणसाची उसनी आणली होती. कुणाची ते मात्र तिनं सांगितलं नाही. दोघी-तिघी आपल्या पिशव्या उचलून तशाच माघारी गेल्या, आणि त्यांतली एक तिच्या गावची, तिनंच महिनोन्‌महिने आर्जवं करून आणलेली होती. ते तिच्या फार जिव्हारी लागलं. सुंदराबाई तेवढ्या जवळ आल्या. "उसनी तर उसनी," त्या म्हणाल्या, "पर देणारनीला तिची परत दिलीस काय?" आणि आपल्या खाटेवर जाऊन पडल्या.

*

रविवारी दुपारी सारिका म्हणाली, "आक्का, उद्या सुई हाय. मला एकटीला जायला भ्या वाटतंय. येतीस?"

"येतो की," आक्का म्हणाली. तिनं पेटीतलं इरकल लुगडं काढलं, घड्या मोडून उन्हात टाकलं आणि त्याच्यावरून हात फिरवत बराच वेळ उभी राहिली. सारिकाला काही विचारायचं धैर्य झालं नाही. आक्का सोबत म्हणून येते आहे, की आणखी कशासाठी? दारापर्यंत येईल आणि बाहेरच्या बाकावर बसून राहील, असंच सारिकाला वाटत होतं. तसं झालं तर काय करायचं हे तिनं ठरवलेलं नव्हतं. ठरवण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

सोमवारी दोघी केंद्रात पोचल्या तेव्हा काचा निळ्या व्हायला लागल्या होत्या. आतून धुतलेल्या चादरींचा वास येत होता. आक्का दारात थबकली आणि झोपघरात डोकावून बघू लागली. बाया निजलेल्या होत्या, कुणाचा पाय खाटेबाहेर आलेला, कुणाच्या तोंडाचा चंबू झालेला. "बघ की गं," आक्का कुजबुजली, "किती निवांत झोपल्यात. आईला असं कुणी झोपिवलंच न्हाई कदी."

बाकावर बसल्यावर आक्कानं सारिकाचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला. डॉक्टरांच्या खोलीचं दार उघडलं आणि परिचारिकेनं हळू आवाजात नाव पुकारलं.

"सारिका चौगुले."

सारिका सवयीनं अर्धी उठली. आक्कानं तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं. मग स्वतः उभी राहिली, इरकलाच्या निऱ्या नीट केल्या.

"विजयमाला," ती म्हणाली. "विजयमाला चौगुले. ते झंपर माझं हाय."

परिचारिका गोंधळून मागे बघू लागली. आतून डॉक्टर मुतालिक स्वतः दारात आल्या. त्यांनी आधी सारिकाकडे पाहिलं आणि मग आक्काकडे.

"या," त्या म्हणाल्या. "तुम्हाला सगळं समजावून सांगू का? की नुसती सुई देऊ? तुम्ही म्हणाल तसं."

आक्का क्षणभर भिंतीकडे बघत राहिली. मग ती वळली आणि तिनं सारिकाला हात धरून उठवलं.

"सगळं सांगा," ती म्हणाली. "काय बी गाळू नगा. आठवडाभर हिनं माझं दुखणं आपलं म्हणून वागवलंय. आता माझं मला द्या. पर हिला भाईर पाठवू नगा."

डॉक्टरांनी दोघींसाठी खुर्च्या ओढल्या. सारिका आत गेली, तिनं दार लावून घेतलं आणि ती आक्काच्या शेजारी येऊन बसली.